शिंगराचा हिवाळा : बंद खोली की उघडे आवार?





दसऱ्यानंतर आपल्या शाळेच्या मागील आवारात एक पाहुणा राहावयास आला आहे, हे आता सर्वांनाच ठाऊक आहे. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने घोडेस्वारीच्या नियोजित वर्गासाठी मारवाडी जातीचे एक मादी शिंगरू शाळेला भेट दिले. त्याचा जन्म मार्च महिन्यातला. म्हणजे आज त्याचे वय आठ महिने आहे आणि आईचे दूध तुटून जेमतेम दोन महिने झाले आहेत. इ. स. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या घोडेस्वार संघाने ड्रेसाज प्रकारात सुवर्णपदक मिळविले. त्या संघात आपल्या शेजारच्या इंदूरची सुदीप्ती हाजेला होती. तेव्हापासून आपल्या मुलामुलींमध्ये घोडेस्वारीची जी हौस निर्माण झाली, तिचेच हे फळ आहे.

आता हिवाळा तोंडावर आला आहे. ग्वाल्हेरची थंडी कशी असते हे आपणांस सांगावयास नको. पौषात पारा चार-पाच अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली येतो, आठ-आठ दिवस कोहरा हटत नाही आणि मध्येच मावठ्याचा पाऊस होतो. त्यामुळे शिंगराला कोठे ठेवावे, यावर शाळेत आणि घराघरांत चर्चा सुरू झाली आहे. काही पालकांनी कांबळी पाठविली आहेत. दोन विश्वस्तांनी दारे-खिडक्यांसह एक पक्की खोली स्वखर्चाने बांधून देण्याची तयारी दाखविली आहे. याउलट काहींचे म्हणणे असे की, जनावर ते जनावर, मैदानात राहील. विद्यार्थ्यांच्या एका पालकांनी, ज्यांचा लग्नसराईत घोड्या पुरविण्याचा पिढीजात व्यवसाय आहे, शिंगराला हिवाळाभर आपल्याकडे ठेवून घेण्याचे आपुलकीने सुचविले आहे.

या सर्व सूचनांमागे प्रेम आहे. परंतु निर्णय एकच घ्यावा लागेल, आणि तो विचारपूर्वक घ्यावा लागेल. कारण पहिल्या हिवाळ्यात शिंगराची हाडे, फुप्फुसे आणि स्वभाव जसे घडतात, तसाच घोडा पुढे वीस-पंचवीस वर्षे आपल्याजवळ राहतो. आज झालेले नुकसान आज दिसत नाही. ते तीन-चार वर्षांनी, पाठीवर एखादा मुलगा बसलेला असताना दिसते. म्हणून विश्वस्त मंडळाच्या इच्छेनुसार हा सर्व विषय आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत.

घोड्याला थंडी कशी लागते?

आपण स्वतःला लागणाऱ्या थंडीवरून घोड्याची थंडी मोजतो. परंतु घोड्याच्या शरीराची व्यवस्था वेगळी आहे. आपल्याला २५ अंश तापमान सुखद वाटते. मोठ्या सुदृढ घोड्याला साधारण ५ ते २५ अंशांच्या दरम्यान शरीर उबदार राखण्यासाठी विशेष श्रम करावे लागत नाहीत, आणि थंडीची सवय झालेला, दाट केसांचा घोडा शून्याखालीही बराच काळ सुखाने राहतो. लडाखचे झांस्कारी आणि हिमाचलातील स्पिती जातीचे घोडे बर्फाच्या प्रदेशातच वाढतात. मंगोलियातील घोड्यांचे कळप तर उणे तीस अंशांतही उघड्यावर चरतात.

यामागे तीन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे केस. २१ जूननंतर दिवस लहान होऊ लागला की घोड्याच्या शरीराला त्याची सूचना डोळ्यांवाटे मिळते आणि उन्हाळ्याच्या आखूड केसांच्या जागी हळूहळू दाट, लांब केस येऊ लागतात. दिवाळीच्या सुमारास आपले शिंगरू अस्वलाच्या पिल्लासारखे दिसू लागले ते याचमुळे. थंडी पडली की हे केस उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवेचा थर अडकतो. हा थर म्हणजेच त्याची रजई.

दुसरे कारण म्हणजे पोट. घोड्याच्या पोटाच्या मागील भागात मोठ्या आतड्याची विशाल पिशवी असते. तेथे असंख्य सूक्ष्म जंतू गवत-कडब्याचे तंतू आंबवितात आणि या क्रियेतून उष्णता निर्माण होते. घोडा सतत चघळत असतो, तेव्हा त्याच्या पोटात एक मंद शेगडी पेटलेली असते असे म्हटले तरी चालेल.

तिसरे कारण म्हणजे हालचाल. मोकळा घोडा दिवसभर पाऊल-पाऊल चालत असतो, आणि थंडी वाजली तर मुले जशी मैदानात धावतात तसा तोही धावून घेतो.

या तिन्ही गोष्टींवर मात करणारे दोन शत्रू आहेत : पाणी आणि वारा. केस भिजले की ते अंगाला चिकटतात, हवेचा थर नाहीसा होतो आणि उष्णता वेगाने निघून जाते. जोराचा वाराही केस विस्कटून तेच करतो. म्हणजे कोरड्या, निरभ्र रात्री चार अंशांत घोडा निवांत उभा राहील, पण मावठ्याच्या पावसात दहा-बारा अंशांतही कुडकुडेल.

येथे एक सावधगिरी हवी. शिंगरू म्हणजे मोठा घोडा नव्हे. त्याचे शरीर लहान, अंगावर चरबी कमी, आणि खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा वाढीकडे जातो. त्यामुळे त्याला मोठ्या घोड्यापेक्षा लवकर थंडी वाजते. परंतु आठ महिन्यांचे, निरोगी, केसाळ आणि पोटभर खाणारे शिंगरू कोरडे व वाऱ्यापासून आडोशाला असेल, तर ग्वाल्हेरच्या थंडीला भिण्याचे कारण नाही.

बंद पक्की खोली

बंद खोलीचे फायदे खरे आहेत आणि ते नाकारता येणार नाहीत. पाऊस व वारा लागत नाही. रात्री चोरीची किंवा कुत्र्यांच्या उपद्रवाची भीती राहत नाही. शिंगरू आजारी असेल, जखमी असेल, तर त्याला अलग ठेवून औषधोपचार करता येतात. परंतु निरोगी शिंगराला हिवाळाभर रात्रंदिवस अशा खोलीत ठेवण्याचे चार मोठे तोटे आहेत.

पहिला तोटा हवेचा. घोड्याच्या मूत्रातून अमोनिया वायू निघतो. बंद खोलीत तो जमिनीलगत साचतो, आणि शिंगरू तर बराच वेळ जमिनीवर आडवे होऊन झोपते. या वायूने व वैरणीच्या धुळीने श्वासनलिकेचे आतले अस्तर दुखावते. कोंदट जागेत बुरशी वाढते. अशा घोड्यांना दम्यासारखा खोकला जडतो आणि तो बहुधा जन्मभर पाठ सोडत नाही. आम्ही दारे-खिडक्या बंद करून त्याला ऊब देतो असे समजतो, पण प्रत्यक्षात त्याची हवा काढून घेतो.

दुसरा तोटा हाडांचा. हाड हे वापरातून घट्ट होते. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अरबी जातीची वर्षाच्या वयाची काही शिंगरे खोलीत व काही कुरणात ठेवून पाहिली. काही आठवड्यांतच खोलीत राहणाऱ्यांच्या पायाच्या नळीच्या हाडातील खनिजांचे प्रमाण कुरणात राहणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. पुढे स्वाराचा भार याच हाडावर पडणार आहे.

तिसरा तोटा स्वभावाचा. घोडा हा कळपाचा प्राणी आहे. एकटा कोंडला की तो कंटाळतो, घाबरतो, आणि मग काही खोडी जडतात : दाराशी उभे राहून तासन्‌तास डावी-उजवीकडे डोलणे, लाकडाला दात लावून हवा गिळणे, लाकूड कुरतडणे. ब्रिटनमध्ये २२५ तरुण घोड्यांवर चार वर्षे केलेली पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. दूध तोडताना खोलीत कोंडलेल्या शिंगरांत अशा खोडी कुरणात दूध तोडलेल्यांपेक्षा अधिक आढळल्या. दूध तुटल्यावर धान्याचा खुराक दिल्यासही हवा गिळण्याची खोड वाढते असे त्यात दिसून आले. एकदा जडलेली खोड सहसा सुटत नाही.

चौथा तोटा केसांचा. रात्री दिवे चालू असलेल्या उबदार खोलीत शरीराला दिवस मोठा झाल्याचा भास होतो आणि हिवाळी केस पुरते येत नाहीत किंवा लवकर गळतात. मग शिंगराला बाहेर काढणे खरोखरच धोक्याचे होते.

पान का सडले आणि घोडा का अडला, या दोन प्रश्नांना एकच उत्तर असलेले कोडे आपण लहानपणी हिंदीतही ऐकले आहे आणि आजीकडून मराठीतही. न फिरविल्यामुळे, हे त्याचे उत्तर. विज्ञान आज वेगळे काही सांगत नाही.

पूर्ण उघडे मैदान

मग नुसते मैदानातच का ठेवू नये? आपल्या पूर्वजांचे घोडे उघड्यावरच राहत, असा दाखला काहींनी दिला. तो खोटा नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली मराठी फौज सारा हिवाळा मोहिमेवर असे. घोडे दावणीला, अगाडी-पिछाडी बांधून, आभाळाखाली उभे राहत. आपल्या शहराच्या ज्या भागाला आपण लष्कर म्हणतो, त्याचे नावच १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ तेथे पडला म्हणून आले आहे.

परंतु हाच इतिहास आपल्याला दुसरी गोष्टही शिकवितो. १७६० च्या अखेरीस पानिपतावर मराठी फौज दोन महिन्यांहून अधिक काळ अडकली. रसद तुटली, वैरण संपली, आणि १४ जानेवारी १७६१ च्या युद्धाच्या आधीच घोडे उपासमारीने खचले होते. त्या युद्धात पायाला जबर जखम होऊन जन्माचे अधू झालेले महादजी शिंदे पुढे ग्वाल्हेरचे नाव साऱ्या हिंदुस्थानात गाजविणारे झाले. पानिपतची थंडी मोठी होती, पण रिकाम्या पोटाने ती अधिक जीवघेणी केली. उघड्यावर राहणाऱ्या घोड्याचे सर्व काही वैरणीवर अवलंबून असते.

शिवाय फौजेतले घोडे वयात आलेले व कणखर असत. आठ महिन्यांच्या शिंगराला मावठ्यात भिजत ठेवणे, किंवा अगाडी-पिछाडीने दिवसभर एका जागी जखडून ठेवणे, या दोन्ही गोष्टी आम्हांस मान्य नाहीत. पहिलीत आडोसा नाही, दुसरीत हालचाल नाही.

हिवाळ्यापुरते दुसरीकडे पाठविणे

हा पर्याय आम्ही गंभीरपणे विचारात घेतला. तेथे घोड्यांचा सहवास मिळेल, अनुभवी माणसे असतील, ही जमेची बाजू आहे. परंतु हिवाळा म्हणजेच लग्नसराई. या दिवसांत तेथील घोड्या रोज वेगवेगळ्या वरातींना जातात, अनेक ठिकाणच्या जनावरांच्या संपर्कात येतात आणि रात्री परततात. तरुण घोड्यांना होणारा स्ट्रँगल्स नावाचा रोग, ज्यात घशाखालच्या गाठी सुजून पिकतात, एकत्र पाणी पिण्यातूनही पसरतो. त्या पालकांशी आमची मोकळी चर्चा झाली आणि त्यांनाही हे पटले. त्यांच्या अनुभवाचा लाभ मात्र आपण अन्य प्रकारे घेणार आहोत. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

मधला मार्ग : तीन बाजूंची शेड व मोकळे आवार

आमची शिफारस अशी आहे की, मागील सुमारे अर्धा एकर आवाराला लाकडी आडव्या बल्ल्यांचे कुंपण घालावे आणि त्याच्या एका टोकाला तीन बाजूंनी बंद, एका बाजूने पूर्ण उघडी शेड बांधावी. शिंगराला पाहिजे तेव्हा आत यावे, पाहिजे तेव्हा बाहेर जावे. कधी थंडी आहे आणि कधी ऊन हवे, हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही.

शेडची रचना पुढीलप्रमाणे असावी.

१. आकार १२ फूट × २४ फूट. एका मोठ्या घोड्याला १२ × १२ फूट जागा लागते. दोन जनावरे एकाच वेळी आडवी होऊ शकतील हा हिशेब त्यामागे आहे. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरे, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते, आणि कोरडी जागा मिळाली तरच तो आडवा होतो.

२. उघडी बाजू आग्नेयेकडे. आपल्याकडे शीतलहर उत्तर व वायव्येकडून येते. पाठ तिकडे केली म्हणजे वारा अडेल आणि सकाळचे ऊन थेट आत येईल.

३. छप्पर समोर सुमारे ११ फूट व मागे ९ फूट, पाणी मागे उतरेल असे. पत्र्याखाली गवताचा थर द्यावा, म्हणजे हिवाळ्यात दंवाचे पाणी टपकणार नाही आणि मे महिन्यातील ४५ अंशांतही शेड उपयोगी पडेल. मागील भिंत व छप्पर यांच्यामध्ये हवेसाठी फट ठेवावी.

४. जमीन आवारापेक्षा सात-आठ इंच उंच, मुरूम घट्ट ठोकून केलेली. गुळगुळीत सिमेंट नको, घोडा घसरतो. वर भाताच्या पेंढ्याचा जाड बिछाना, ओला भाग रोज काढून टाकलेला.

५. कुंपणाला काटेरी तार मुळीच नको. घाबरलेले शिंगरू तारेत शिरले तर पाय गमावून बसते.

आजारपणासाठी व आणीबाणीसाठी शेडच्या शेजारी एक लहान, हवेशीर खोली असावी. ज्या विश्वस्तांनी पक्की खोली देऊ केली आहे, त्यांचे औदार्य या खोलीसाठी आणि शेडसाठी वापरता येईल. उरलेली रक्कम वैरणीला लागावी, अशी त्यांना आमची नम्र विनंती आहे.

सोबत हवीच

शेड कितीही चांगली असली तरी एकटे शिंगरू सुखी राहणार नाही. दूध तुटल्यापासून ते रोज संध्याकाळी कुंपणाशी उभे राहून खिंकाळते, हे वसतिगृहातील मुलांनी आम्हांस सांगितले. एखादी वयस्क, शांत घोडी सोबत असेल तर शिंगरू तिच्याकडून कितीतरी शिकते : कोठे उभे राहावे, कशाला भ्यावे, कशाला भिऊ नये, मोठ्यांशी कसे वागावे. एक जागा असताना दुसरा निवांत झोपतो. घोडी मिळाली नाही तर गाढव किंवा शेळी चालते, पण घोड्याची भाषा घोड्यालाच येते.

येथेच वर उल्लेखिलेल्या पालकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. वरातीच्या कामातून निवृत्त झालेली एक शांत घोडी ते शाळेला देण्यास तयार आहेत. बॅन्डबाजा, गर्दी आणि फटाके आयुष्यभर पाहिलेली ही घोडी शाळेच्या घंटेला आणि मुलांच्या गलबल्याला काय भिणार!

मात्र दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतील. नवी घोडी प्रथम तीन आठवडे अलग ठेवावी. या काळात पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तिची तपासणी व्हावी, विशेषतः ग्लँडर्स या रोगासाठी रक्ततपासणी. हा रोग माणसांनाही होतो व प्राणघातक ठरू शकतो. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तो आढळल्यास कळविणे बंधनकारक आहे. शिंगराचीही तपासणी त्याच वेळी व्हावी. मुलांचा प्रश्न असल्याने यात कोणतीही सवलत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, मोठी घोडी कधी कधी शेडच्या तोंडाशी उभी राहून लहानाला आत येऊ देत नाही. म्हणूनच आम्ही पूर्ण उघडी बाजू सुचविली आहे, आणि वैरणही दोन वेगळ्या ठिकाणी, अंतर राखून टाकावी लागेल.

दाणा, वैरण आणि पाणी

थंडी वाढली की धान्य वाढवावे, अशी आपली समजूत असते. घोड्याच्या बाबतीत प्रथम वाढवावयाची ती वैरण. पोटातली शेगडी वैरणीवर पेटते, हरभऱ्यावर नव्हे. शिंगराचे वजन २०० किलो धरले तर त्याला दिवसाला किमान ५ किलो कोरडा आहार लागतो, आणि त्यातील मोठा भाग चांगल्या वाळल्या गवताचा असावा. रात्री सर्वांत जास्त वैरण टाकावी, म्हणजे पहाटेच्या कडाक्यात तोंड चालू राहील.

आपल्याकडे गव्हाचे भूस स्वस्त मिळते, परंतु केवळ भुसावर शिंगरू वाढत नाही. त्यात प्रथिने फारच कमी असतात. हिवाळ्यात बरसीम मुबलक मिळते, ते प्रथिनांसाठी उत्तम. मात्र ओलेकच्च बरसीम भरपूर घातल्यास पोट फुगते, म्हणून ते सुकवून, गवतात मिसळून द्यावे. ओट व भिजविलेला हरभरा थोड्या प्रमाणात, दोन-तीन वेळांत विभागून द्यावा. गव्हाचा कोंडा जपून द्यावा : त्यात फॉस्फरस फार व कॅल्शियम कमी असल्याने वाढत्या हाडांचे नुकसान होते. मिठाचा खडा व खनिज मिश्रण नेहमी समोर असावे.

हिवाळ्यातील खरा छुपा धोका पाण्याचा आहे. पाणी गार असले की घोडा कमी पितो, वाळली वैरण आतड्यात घट्ट बसते आणि पोटशूळ उठतो. पोटशुळाने घोडा काही तासांत दगावू शकतो. शिंगराला दिवसाला दहा ते पंधरा लिटर पाणी लागते. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी बादलीत दिले तर ते आवडीने पिते. हे काम कोणत्याही कांबळ्यापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

झूल आणि शेकोटी

ज्या पालकांनी कांबळी पाठविली, त्यांचे आम्ही आभारी आहोत. ती आजारपणासाठी जपून ठेवली आहेत. निरोगी, केसाळ शिंगरावर रोज झूल घातल्याने उभे राहणारे केस दबतात, आणि वाढत्या अंगाला झूल घट्ट होऊन खांद्यावर घासते. ओले बारदान तर झूल नसल्याहून वाईट. शिंगरू भिजले असेल, कुडकुडत असेल, अशक्त झाले असेल, तरच अंग पुसून कोरडी झूल घालावी आणि रोज काढून अंग पाहावे.

खराराही हिवाळ्यात हलकाच करावा. केसांतील तेलकटपणा पाणी झटकण्यास मदत करतो. म्हणून आंघोळ नाही, केवळ चिखल-धूळ काढणे पुरे.

बंद जागेत शेकोटी किंवा अंगीठी कदापि नको. आपल्या भागात दर हिवाळ्यात बंद खोलीतील अंगीठीच्या धुराने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. पेंढ्याजवळ तर आगीचाही धोका. उघडा लोंबकळता बल्बही त्याच कारणासाठी नको.

विद्यार्थ्यांसाठी

इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांची पाळी साईसकाकांच्या देखरेखीखाली लावण्यात येईल. रोज वहीत पुढील नोंदी कराव्यात.

– रात्रीची वैरण संपली का? पाणी किती प्यायले?
– लीद नेहमीइतकी आहे का? कमी किंवा फार कोरडी असल्यास ताबडतोब सांगावे.
– खोकला, नाकातून पू, घशाखाली सूज आहे का?
– शेडमध्ये उकिडवे बसून श्वास घ्यावा. नाकात झणझणले तर बिछाना बदलण्याची वेळ झाली.
– आठवड्यातून एकदा बरगड्यांवर हात फिरवावा. दाट केसांत डोळ्यांना शिंगरू गुबगुबीत दिसते. खरे काय ते बोटांनाच कळते. बरगड्या हाताला लागाव्यात, पण टोचू नयेत.
– कान गार लागले म्हणून घाबरू नये. कोपराच्या मागे, छातीला लागून हात लावावा. तेथे ऊब असेल तर सर्व ठीक आहे.

घरून पोळ्या, मिठाई, तिळगूळ आणून घालू नये. संक्रांतीच्या दिवसांत आवारात पडलेला पतंगाचा मांजा मात्र शोधून उचलावा. तो खुरांत व पायांत गुंततो.

याच निमित्ताने काही शब्दही आपल्याकडे परत येतील. हिंदी माध्यमात शिकलेल्या आम्हाला साईस, थान, दाना हे शब्द जवळचे. पण आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना मोतद्दार, ठाण, चंदी, तोबरा, खरारा, दावण, पागा हे शब्द अजून आठवत असतील. सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार, हा फरकही मुलांनी त्यांच्याकडून समजून घ्यावा. वहीतील नोंदी याच शब्दांत कराव्यात.

पुढे काय?

या महिन्याच्या अखेरच्या शनिवारी विश्वस्त मंडळाची बैठक आहे. तोपर्यंत तात्पुरती सोय म्हणून शिंगरू दिवसा आवारात मोकळे व रात्री जुन्या सायकल-शेडमध्ये, समोरची बाजू उघडी ठेवून, राहील. वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री बांधली आहे. धनुर्वाताची लस व जंतांचे औषध देऊन झाले आहे. नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर साळावयास येईल.

ज्या पालकांचे मत याहून वेगळे असेल, त्यांनी बैठकीपूर्वी लेखी कळवावे. ते मंडळापुढे जसेच्या तसे ठेवले जाईल. ज्यांना मदत करावयाची आहे, त्यांनी वाळल्या गवताच्या गाठी किंवा त्यांची किंमत कार्यालयात जमा करून पावती घ्यावी. हिवाळ्याचे चार महिने आणि दोन जनावरे असा हिशेब धरला आहे.

आपला स्नेहांकित,
प्राचार्य